कवळ्यांनी भांडायचं नाही

तीर्थरूप मामांस,

तुमच्या थोरल्या बहिणीच्या थोरल्या मुलीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या खुर्चीत बसूनच घातला आहे. कंबर सुटली की उरलेला घालीन.) तुमची प्रकृती कशी आहे? रक्तदाब आटोक्यात आहे ना? मामींच्या गुडघ्याचं काय? त्यांना म्हणावं, जिना चढू नका, आणि चढलातच तर मामांवर ओरडत चढू नका, दम दुप्पट लागतो. इकडे आई ठणठणीत आहे. तुमचा विषय निघाला की "माझा धाकटा भाऊ बघ, कुठल्या कुठे गेला" असं म्हणते आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहते. मी कुठेच गेले नाही हे तिला बोलून दाखवावं लागत नाही. मी होते तिथेच आहे, कवळ्यांच्या कारखान्यात, शेवटच्या टेबलावर. या महिनाअखेरीला तिथलं माझं स्टूल राहतं की जातं हा प्रश्न उभा आहे, पण त्या रडगाण्याकडे मी सावकाश येईन. आधी तुमचं अभिनंदन.

अभिनंदन अशासाठी, की तुमचा फोटो आमच्या कारखान्याच्या भिंतीवर लागला आहे. फोटोत तुम्ही हसता आहात. मी आधी ओळखलंच नाही. माणूस पाहिल्यासारखा वाटतोय, कान तर आपल्याच घराण्यातले आहेत, पण दात कुणाचे ते कळेना. (माझा धंदाच तो. मी माणसाचं तोंड आधी बघते, चेहरा मग.) मग लक्षात आलं, की तुमचे दात मी जन्मात पहिल्यांदाच बघते आहे. रागावू नका मामा, पण सुट्टीत आम्ही भावंडं तुमच्याकडे राहायला यायचो, तेव्हा तुम्ही आमचा चेंडू कपाटात ठेवून कुलूप लावायचात आणि निघायच्या दिवशी तो ठेव परत केल्यासारखा आईच्या हातात द्यायचात. आम्ही पत्ते खेळत असलो तर येऊन पत्ते नुसते मोजायचात, बावन्न भरले की परत द्यायचात आणि आवाज न करता खेळा म्हणायचात. असा माणूस 'कामाच्या जागी खेळकरपणा' शिकवायची कंपनी काढतो आणि ती धो धो चालते, हे बघून मला खरंच आनंद झाला. पोहण्यावर भाषण काठावरच्यानेच करावं. जो पाण्यात असतो त्याला बोलायला दम कुठे असतो?

तुम्ही स्वतः आमच्याकडे कधी आला नाहीत (तुमची माणसं येतात), म्हणून आधी आमचं काम सांगते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या हिरड्यांचे ठसे आमच्याकडे येतात. सोबत नाव नसतं, नुसता क्रमांक. पहिल्या टेबलावर प्लास्टरवाला ठशात प्लास्टर ओततो, मधल्या टेबलावरच्या बायका मेणात दात मांडतात, मग ते सगळं भट्टीतून निघतं, घासणारा घासतो, आणि अगदी शेवटी कवळी आमच्या टेबलावर येते. आमच्या म्हणजे माझ्या आणि बोळकोबांच्या. बोळकोबा हे त्यांचं कारखान्यातलं नाव. सगळा जन्म लोकांना दात देण्यात गेला आणि स्वतःच्या तोंडाचं बोळकं. एक कवळी बसवून घ्या की, म्हटलं तर म्हणतात, दिवसभर जे हातात असतं ते घरी गेल्यावर तोंडात कशाला?

तपासणीची ठरलेली पद्धत अशी, की कवळी बिजागरीवर चढवायची (वरचा आणि खालचा जबडा उघडमीट करणारं एक पितळी यंत्र असतं, त्याला आम्ही बिजागरी म्हणतो), मध्ये रंगीत कागद धरायचा, हलक्या हाताने एकदा मिटायची, डाग सारखे उमटले की डबीत भरायची. हे आम्ही इमानेइतबारे करायचोच. पण त्यानंतर आमची एक रीत होती. ती कुणी सुरू केली ठाऊक नाही, मी कामाला लागले तेव्हा होतीच. डबीत जाण्याआधी प्रत्येक कवळीने शेजारच्या कवळीशी एकदा कडकडून भांडायचं. एक बिजागरी माझ्या हातात, एक बोळकोबांच्या. लांबट दातांची कवळी असली की ती सेवानिवृत्त न्यायाधीश, आखूड दातांची असली की सगळ्या इमारतीची चौकशी करणारी शेजारीण. न्यायाधीश म्हणणार, तुमच्या गॅलरीतलं पाणी माझ्या वर्तमानपत्रावर पडतं. शेजारीण म्हणणार, मग पाण्यालाच समन्स पाठवा ना! की झालीच सुरुवात. बिजागऱ्या अशा खडाखडा वाजायच्या, की भट्टीवाला भट्टी सोडून यायचा, प्लास्टरवाला नेहमी शेजारणीची बाजू घ्यायचा, मेणवाल्या बायका जागेवरून न उठता एकेक ठेवणीतला शब्द पुरवायच्या. भांडता भांडता जी कवळी अडखळेल ती हरली, आणि हरलेल्या कवळीला शिक्षा म्हणून परत घासणाऱ्याकडे पाठवायचं, असा नियम होता. घासणारा कुरकुरायचा, पण नियम म्हणजे नियम. बोळकोबा म्हणायचे, बिचारी उद्या परक्या तोंडात नांदायला जाणार, तिथे तिला कोण स्वतःचं बोलू देणार आहे? जाण्याआधी घेऊ दे तोंडसुख.

मामा, मी त्या टेबलावर इतकी वर्षं काढली ती पगारासाठी काढली असं सगळ्यांना सांगते. तुम्हाला खरं सांगते, मी त्या भांडणांसाठी सकाळी उठायची.

थोरल्या मालकांना हे सगळं ठाऊक होतं. ते दाराआड उभे राहून ऐकायचे आणि खोकून निघून जायचे. (हसू गिळायची ती त्यांची पद्धत.) पण त्यांनी आता कारभार मुलाच्या हाती दिला, आणि धाकटे मालक आत आले ते नेमके अशा वेळी, की माझी कवळी बोळकोबांच्या कवळीला "बापाच्या खुर्चीत बसलं म्हणून कुणी बाप होत नाही" असं सुनावत होती. देवाशपथ सांगते, ते भांडण एका दुकानदाराचं आणि त्याच्या मुलाचं चाललं होतं, मालकांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. पण ज्याला टोपी बसते तो ती घालतोच. दुसऱ्या दिवशी भिंतीवर सूचना लागली, की ग्राहकांच्या दातांचा अनादर खपवून घेतला जाणार नाही आणि कामाच्या वेळी कवळ्यांनी भांडायचं नाही. झालं. कवळ्या गप्प झाल्या. रंगीत कागद, हलकी मीट, डबी. रंगीत कागद, हलकी मीट, डबी. खोली इतकी शांत झाली, की भट्टीवाल्याचं पोट वाजलं तरी पहिल्या टेबलावर ऐकू जायचं. ही शांतता धाकट्या मालकांनाच सोसवेना. त्यांनी कुठेसं वाचलं, की उदास कर्मचारी म्हणजे कंपनीचं नुकसान. मग त्यांनी बाहेरून खेळकरपणा मागवला. आधी घरची विहीर बुजवायची आणि मग टँकरला फोन करायचा, तसं. आणि टँकर निघाला आमच्या मामांचा!

तुमची दोन माणसं आली, एक लांबच लांब तरुण आणि एक सतत टाळ्या वाजवणारी मुलगी, दोघंही पिवळ्याधमक टी-शर्टात. वाईट नव्हती हो पोरं. पण त्यांनी घंटा आणली. सकाळी घंटा झाली की हातातलं काम टाकायचं आणि तासभर खेळायचं. आता प्लास्टर कालवलं की ते कुणासाठी थांबत नाही मामा, त्याला तुमची घंटा कळत नाही. पहिल्याच दिवशी प्लास्टरवाल्याने अर्धा ठसा ओतला होता, तेवढ्यात त्याला ओढून हत्ती केलं. (त्याच्या पाठीचा मणका सरकलेला आहे. तो हत्ती झाला तो बराच वेळ हत्तीच राहिला, त्याला सरळ करायला भट्टीवाला लागला.) परत येऊन बघतो तर पातेल्यातल्या प्लास्टरचा दगड झालेला आणि त्यात चमचा उभा. मग 'आपल्या आतलं लहान मूल शोधा' असं एक प्रकरण झालं. आम्ही सगळे डोळे मिटून शोधतोय. बोळकोबा म्हणाले, माझ्या आतलं मूल मोठं होऊन कामाला लागलं, आता त्याला रजा मिळत नाही. मला हसू आलं. पण मुलीने सांगितलं, की हा व्यायाम गांभीर्याने करायचा आहे, त्याला गुण आहेत, आणि तिने वहीत प्रत्येकाच्या नावापुढे खेळकरपणाचे गुण मांडले. आणि हा खेळाचा तास भरून काढायला संध्याकाळी तासभर जास्त थांबायचं. म्हणजे खेळ आमच्या खिशातून आणि कौतुक मालकांचं.

सामानाचं कपाट होतं तिथे तुमच्या माणसांनी रंगीत चेंडूंचा हौद बसवला. त्यात उतरून मोठ्या माणसांनी चिंतामुक्त व्हायचं. आठवडाभरात त्यावर प्लास्टरची भुकटी बसून सगळे चेंडू एकाच रंगाचे झाले. एके दिवशी घाईघाईत घंटेला धावताना घासणाऱ्याच्या खिशातून एक कवळी हौदात पडली, आणि चिंतामुक्त व्हायला उतरलेले आम्ही सगळे क्रमांकाच्या चिठ्ठीची चिंता करत तळ ढवळू लागलो. ती सापडली तुमच्या लांबट तरुणाला. अनवाणी होता. पाय टाकला आणि वरचा-खालचा जबडा त्याच्या अंगठ्याला दोन्हीकडून असा काही लागला, की तो "चावली! चावली!" म्हणत हौदाबाहेर उडाला. मामा, मी हसले. बोळकोबा हसले. मेणवाल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या. सूचना लागल्यापासून त्या खोलीत कुणी मनापासून हसलं असेल तर त्या क्षणी. आणि संध्याकाळी कळलं, की दुसऱ्याच्या वेदनेला हसणं हे खेळकरपणात बसत नाही म्हणून सगळ्यांचे गुण कापले. सर्वांत जास्त माझे, कारण मी हसायची सर्वांत शेवटी थांबले.

मग कवळ्या परत येऊ लागल्या. डॉक्टरांचे फोन येऊ लागले, म्हाताऱ्यांना चावता येत नाही, बोलताना वरचा जबडा खाली येतो, एका बाईंची कवळी नातवाला गोष्ट सांगताना गोष्टीच्या मध्येच मांडीवर पडली. मी ती कवळी हातात घेऊन बघत बसले. रंगीत कागद लावला, डाग सारखे. हलकी मीट केली, बिनचूक. मग, आता परत आलेलीच आहे, जातंय काय, म्हणून हळूच बिजागरीवर चढवून तिला एक वाक्य बोलायला लावलं, भांडणातलं, जोराचं. दुसऱ्याच शब्दाला एक दाढ आडवी आली आणि ती अडखळली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं आम्ही ज्याला टिवल्याबावल्या समजत होतो तीच खरी तपासणी होती! माणूस काही कागद चावत नाही आणि हलक्या हाताने एकदा तोंड मिटून गप्प बसत नाही. तो तावातावाने बोलतो, घाईने खातो, मध्येच वळून ओरडतो. भांडणात न अडखळलेली कवळी जगाच्या पाठीवर कुठेही अडखळत नव्हती. हे आम्हालाही ठाऊक नव्हतं, मालकांना कुठून असणार?

मी हे धाकट्या मालकांना सांगितलं. चूक केली. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी तुमच्या माणसांना बोलावलं, आणि तुमच्या माणसांनी आमच्या भांडणाचा 'कवळी-संवाद' नावाचा उपक्रम करून आणला. वेळ ठरलेली. वाक्यं छापलेली. नकारात्मक भाषा वर्ज्य, तेव्हा कवळ्यांनी एकमेकींचं कौतुक करायचं. त्यामुळे हल्ली रोज चहाच्या आधी मी माझी बिजागरी सावकाश उघडून म्हणते, की ताई, आपल्या दाढांची ठेवण किती सुरेख आहे. समोरची म्हणते, आपल्या हिरड्यांचा गुलाबी रंगही मनाला प्रसन्न करतो. आता कौतुकात कधी कुणाचा जबडा जोरात हलला आहे का? खोटं बोलताना माणूस तोंड जेमतेमच उघडतो. सगळ्या कवळ्या संवादात पास होतात आणि डबीत बसून जातात आणि डबीत बसून परत येतात. आणि धाकटे मालक म्हणतात, एवढा खेळकरपणा आणूनही काम का सुधारत नाही, याचा अर्थ कर्मचारी मनापासून खेळत नाहीत.

इथवर मी रागावले होते. वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. बोळकोबा बदलले. आधी मला वाटलं थट्टा करतायत. घंटा झाली की सर्वांच्या आधी उठतात, टाळ्यांना टाळ्या देतात, हस म्हटलं की त्या दात नसलेल्या तोंडाने इतकं मोठं हसतात, की तुमची ती मुलगी त्यांचा व्हिडिओ काढून घेऊन गेली. महिन्याचा 'खेळकर कर्मचारी' म्हणून त्यांना पट्टा मिळाला, तो ते घालून बसतात. परवा जेवणाच्या सुट्टीत खोलीत आम्ही दोघंच होतो. मी एक कवळी उचलली, त्यांच्यासमोर धरली आणि तिच्या तोंडून म्हटलं, "अहो न्यायाधीश, पट्टा काढा, ओळखू येत नाही तुम्ही." आणि वाट बघत राहिले. त्यांच्यासमोर बिजागरी होती, कवळी चढवलेली होती. त्यांनी ती हातात घेतली, रंगीत कागद लावला, हलकेच मिटली आणि डबीत ठेवली. म्हणाले, "राहू दे गं. दिवसभर हसून गाल दुखतात." मामा, मला त्या वेळी जे वाटलं ते लिहून कळणार नाही. एखाद्या घरात वर्षानुवर्षं जावं आणि एके दिवशी दार उघडणाऱ्याने कोण हवंय म्हणून विचारावं, तसं झालं.

म्हणून हा एवढा पत्रप्रपंच. तुम्ही वडीलधारे, मी लहान तोंडी मोठा घास घेते आहे, पण कुणीतरी तुम्हाला सांगायलाच हवं. माणसं कामाच्या जागी खेळतात ती कामातच खेळतात, काम बाजूला ठेवून नाही. शिंपी कात्रीशी खेळतो, वाढपी थाळ्यांशी खेळतो, आणि कुणी बघतंय असं कळलं की थांबतो. त्याला गुण दिलेत की तो गुणांसाठी खेळतो, म्हणजे एक काम वाढलं. तुमच्या कंपनीने आमचा एक खेळ घेऊन आम्हाला एक काम दिलं, त्याचा मोबदलाही घेतला आणि वर भिंतीवर दात काढून उभे आहात. तो फोटो उतरवा मामा. निदान माझ्या स्टुलासमोरून तरी हलवा. चेंडू कपाटात ठेवायचात ते बरं होतं, कपाट उघडलं की चेंडू निदान तसाच असायचा.

फार लिहिलं. लहानांचं बोलणं पोटात घालावं. मामींना नमस्कार, आणि गुडघ्याला शेक द्यायला सांगावं. आईला यातलं काही कळवू नका, तिने तुमचा भिंतीवरचा फोटो बघायला यायचा हट्ट धरला आहे आणि मी तिला कारखान्याला रंग देतायत म्हणून थोपवून धरलं आहे.

तुमची,
शेवटच्या टेबलावरची भाची

ता. क. मुख्य गोष्ट राहूनच गेली. आमच्या सगळ्यांची खेळकरपणाची गुणपत्रकं शेवटच्या सहीसाठी तुमच्याकडे येणार आहेत असं कळलं. जे नापास होतील त्यांना धाकटे मालक महिनाअखेरीला निरोप देणार आहेत. मी नापास आहे. 'उत्स्फूर्तपणे हसते का' या रकान्यात 'नाही' आणि 'अनुचित प्रसंगी हसते का' या रकान्यात 'होय, आणि पुष्कळ वेळ' असं लिहिलं आहे म्हणे. तर तेवढं मला पास करावं. हवं तर मी तिकडे येऊन तुमच्या समोर हसून दाखवीन. घरी सराव करते आहे. काल शेजारच्या काकू विचारायला आल्या होत्या, घरात काही बरंवाईट झालं का म्हणून.

ता. क. २. पास केलंत तर वरचं सगळं पत्र मी गंमत म्हणून लिहिलं आहे असं समजावं. ते तुमच्या शिबिरांत 'कर्मचाऱ्याचा खेळकरपणा' म्हणून खुशाल वाचून दाखवा, मी तसं लिहून देईन. नापास केलंत तर मात्र त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि मग मी तो आईलाच वाचून दाखवीन.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. बोळकोबांचा पहिला नंबर आला आहे आणि पहिल्या नंबराला तुम्ही तुमच्या कंपनीत नेता, हे आज कळलं. त्यांना नेऊ नका. त्यांचे गुण कापा, पास होण्यापुरते ठेवा, पण नेऊ नका. मला एकीलाच पास करणं जमत असेल आणि त्यांना ठेवणं जमत नसेल, तर मला पास करायची तसदीही घेऊ नका. एकटीला दोन कवळ्यांचं भांडण लावता येत नाही, मामा. मी आज सुट्टीत करून पाहिलं.